छोटे, आधी ते नाव बदल

छोटे,

तुझ्या फोटोप्रदर्शनाचं नाव आधी बदल. ‘तिबेटचे अश्रू’ म्हटलं की माणूस दारातूनच चेहरा पाडून आत येतो, फोटो न बघताच हळहळतो आणि चहाला निघून जातो. शिवाय तू पाठवलेल्या फोटोंत अश्रू आहेत कुठे? ती स्वेटरवाली मावशी तर गिऱ्हाइकाशी भाव करताना चक्क हसून राहिली आहे. मागे लुधियानाच्या मालाचे गठ्ठे, बाजूला थर्मास, वर ‘एकच भाव’ची पाटी. तो फोटो चांगला आहे. त्यातलं हसू कापून, काळा-पांढरा करून, खाली ‘हरवलेला देश’ लिहायचा तुझा बेत मात्र मला पटलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले. लग्नसराई अजून लागायची आहे, स्टुडिओत गिऱ्हाईक नाही, तेव्हा आज ताईचं सगळं ऐकून घे.

तू गडचिरोलीत शिकतेस. बाहेरून येणारे कॅमेरे तिथं काय शोधत येतात ते तुला मी सांगायला नको. एक तर बंदूक, नाही तर रेला नाच. भामरागडच्या आठवडी बाजारात माडिया बाई मिठाचा भाव विचारत उभी असते आणि छापून येतं ते तिच्या कपाळावरचं गोंदण, अगदी जवळून काढलेलं. तुझ्या वसतिगृहातल्या एटापल्लीकडच्या मैत्रिणीला कुणीतरी विचारलं होतं, ‘फोटोसाठी पारंपरिक वेशात येशील का?’ ती बीएस्सीच्या प्रॅक्टिकलहून परत येत होती. तिच्यापेक्षा तूच जास्त भडकली होतीस, आठवतं? तो राग जपून ठेव, कारण आता कॅमेरा तुझ्या हातात आहे. तिबेटी माणसाचेही जगानं असेच दोन-तीन साचे करून ठेवलेत. लाल वस्त्रातला भिक्खू, वाऱ्यावरच्या रंगीत पताका, सुरकुतलेली आजी आणि तिच्या हातातलं फिरतं प्रार्थनाचक्र. खोटं त्यात काही नाही. पण तेवढंच दाखवलं की तो माणूस देखावा होतो, आणि देखाव्याला कुणी हक्क देत नाही.

तुला तिबेट गाठायला धरमशाळेची गाडी पकडायची गरज नाही. वडशाला ये, तिथून गोंदियाकडची गाडी धर, वडेगावनंतर अर्जुनीला उतर आणि गोठणगावची वाट विचार. प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला आपण लहानपणी गेलो होतो ना, तोच मुलूख. इटियाडोह धरणाचं जे पाणी आपल्या वडसा-आरमोरीकडच्या धानाला येतं, त्याच धरणाच्या अंगाला नॉर्ग्येलिंग आहे. महाराष्ट्रातली तिबेटी निर्वासितांची शेतीवरची वसाहत ती हीच. १९७२ साली वसली. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता, १९९९ पासून गोंदियात. आजूबाजूची माणसं तिला सरळ ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात.

विचार कर. ल्हासा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. तिथल्या पठारावर जव पिकतं, याक चरतात. दलाई लामा मार्च १९५९ मध्ये ल्हासातून निघाले आणि महिनाअखेर भारताच्या हद्दीत आले, त्यांच्या मागोमाग हजारो माणसं आली. त्यांतल्या कित्येकांनी सुरुवातीची वर्षं हिमालयातल्या रस्त्यांवर खडी फोडत काढली. मग राज्याराज्यांत वसाहती झाल्या आणि काही कुटुंबांच्या वाट्याला आली आपली झाडीपट्टी. मे महिन्यातलं आपलं ऊन तुला माहीत आहे, आपणच घराबाहेर पडत नाही. त्या उन्हात ही माणसं धान करायला शिकली. पोट नुसत्या धानावर भरत नाही म्हणून हिवाळ्यात लुधियानाचा माल उचलून गावोगाव स्वेटर विकायला बसतात. तुझी ती हसणारी मावशी कुठल्या वसाहतीची आहे हे तू विचारलंसच नाहीस. आधी ते विचार. कदाचित ती आपल्याच भागातली निघेल आणि तुझ्यापेक्षा बरी झाडीबोली बोलेल.

आता कुणीतरी तुला विचारणारच, आपल्या जिल्ह्यात काय कमी दुःख आहे की तू तिबेटला निघालीस? कॉलेजातले सर विचारतील, आपला मामा तर नक्कीच विचारेल. त्यावर चिडू नकोस. मी तुला आपल्या घरातलंच उत्तर देते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि दोन दिवसांनी, १६ तारखेला, ते आपल्या चंद्रपूरला आले. आजी त्या गर्दीत होती, पदर खोचून, कडेवर आपला बाबा. पुढच्याच महिन्यात बुद्धाच्या २५०० व्या जयंतीच्या सोहळ्यासाठी एकवीस वर्षांचे दलाई लामा नाथू ला ओलांडून सिक्कीममार्गे भारतात आले. त्या प्रवेशाचा फोटो कुणी काढला ठाऊक आहे? एका बाईनं. होमाई व्यारावाला, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेली, आपल्या देशातली पहिली वृत्तछायाचित्रकार बाई. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन ती एकटी दिल्लीहून सिक्कीमला गेली होती. माझ्या स्टुडिओत ‘फोटोग्राफर कुठे आहेत?’ असं मलाच विचारणारे आजही येतात, तेव्हा मला ती हटकून आठवते.

आणि बाबासाहेब तिबेटबद्दल गप्प बसले नव्हते. २६ ऑगस्ट १९५४ ला राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना त्यांनी नेहरूंच्या पंचशीलावर टीका केली होती. चीनला ल्हासाचा ताबा घेऊ देऊन आपण त्याची सीमा आपल्या सीमेला आणून भिडवली, असा त्यांचा आक्षेप होता. तो मुख्यतः संरक्षणाचा मुद्दा होता, मानवी हक्कांचा म्हणता येणार नाही, त्यामुळे तुझ्या भाषणात तो ओढूनताणून वापरू नकोस. पण चंद्रपूरच्या एका बौद्ध घरातल्या पोरीला तिबेटचं काय पडलंय, हा प्रश्न मामाच्या तोंडून आला तर त्याला एवढं सांग आणि पुढचा घास घे.

आता कामाचं. या पुढचं नीट वाच, कारण इथं माझ्या बोलण्यात गंमत नाही.

तू काढलेल्या फोटोची किंमत तुला भरावी लागणार नाही, ती दुसऱ्याला भरावी लागेल. आपल्याकडे फोटो फसला तर प्रिंट वाया जाते. तिकडं माणूस आत जातो. ताशी वांगचुक नावाच्या एका दुकानदाराची गोष्ट सांगते. येकुंडो नावाच्या गावातला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की तिबेटी मुलांना शाळेत तिबेटी भाषा नीट शिकवली जावी, चीनच्या कायद्यातही ते लिहिलेलं आहे. तो वेगळा देश मागत नव्हता. २०१५ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या एका छोट्या चित्रफितीत तो स्वतःच्या नावानिशी, स्वतःच्या चेहऱ्यानं बोलला. २०१६ च्या जानेवारीत त्याला उचललं आणि ती चित्रफीतच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाली. पाच वर्षं शिक्षा, २०२१ साली सुटका. कॅमेरा धरणाऱ्याला शिक्षा झाली नाही. लक्षात घे, ताशी वांगचुकनं हे विचार करून, धोका माहीत असून केलं होतं. त्याच्या निर्णयाला मी नावं ठेवत नाही. पण निर्णय त्याचा होता, कॅमेऱ्याचा नव्हे.

धोंडुप वांगचेनचंही असंच. हा शेतकऱ्याचा मुलगा. २००७ च्या शेवटी आणि २००८ च्या सुरुवातीला, बीजिंग ऑलिंपिकच्या तोंडावर, एका भिक्खू मित्राला घेऊन तो तिबेटी पठारावर साधा कॅमेरा घेऊन फिरला. शंभराहून जास्त माणसांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? अनेकांनी चेहरा न झाकता उत्तरं दिली. टेप बाहेर पोचल्या, पंचवीसेक मिनिटांचा माहितीपट झाला, आणि तो मात्र मार्च २००८ मध्ये धरला गेला. सहा वर्षं तुरुंगात होता. ही माणसं नायक आहेत, पण त्यांच्याकडे बघून नॉर्ग्येलिंगमधल्या एखाद्या आजोबाला ‘तुम्हीही धीट व्हा’ असं सुचवायचा अधिकार तुला-मला नाही. त्या आजोबांची बहीण तिकडे असेल. बहिणीचा नातू सरकारी नोकरीत असेल. परदेशातल्या नातेवाइकांशी बोललं, दलाई लामांचा फोटो मोबाइलमध्ये सापडला, एवढ्यावरून तिकडे चौकशा होतात, माणसं अटकेत जातात. गोठणगावात काढलेला चेहरा ल्हासात ओळखला जाऊ शकतो.

म्हणून चेहरा मागण्याआधी एक प्रश्न विचारायचा: ‘तिकडे तुमचं कोण आहे?’ उत्तर आलं, किंवा उत्तर न येता माणूस गप्प झाला, तर चेहरा घ्यायचा नाही. हात घे. धानाच्या बांधीतल्या चिखलानं माखलेले पाय घे. स्वेटरची घडी घालणारी बोटं घे, देवघरातल्या दिव्यांची रांग घे, पाठमोरा माणूस घे. तू म्हणशील, मग फोटोत राहिलं काय? अगं, नवरीच्या मेंदीचा फोटो बघून सगळं घर तिला ओळखतं, पण परका ओळखत नाही. आपल्याला तेवढंच हवं आहे. बरं, कागदांचे फोटो काढू नकोस. या माणसांकडे नोंदणीचं प्रमाणपत्र असतं, आरसी म्हणतात ते. ठरावीक मुदतीनं पोलिसांकडे जाऊन त्याचं नूतनीकरण करावं लागतं. इथं जन्मलेल्या कित्येकांची आजही तीच ओळख आहे. १९८७ च्या जुलैआधी भारतात जन्मलेल्यांना नागरिकत्वाचा हक्क आहे हे दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० साली एका तिबेटी तरुणीच्या खटल्यात मान्य केलं, पण सगळ्यांनी ते घेतलेलं नाही, आणि सगळ्यांना घ्यायचंही नाही. मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली आपल्यात मतदार म्हणून राहतात, यांचं तसं नाही. तेव्हा एखादा तरुण मोर्चात घोषणा देतोय आणि तू त्याचा फोटो नावासकट टाकलास, तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी त्याला काय ऐकावं लागेल याचाही विचार कर. २००३ पासून भारत सरकारची अधिकृत भूमिका तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग आहे अशी आहे. या माणसांच्या मनातली भीती तुला दिसत नाही म्हणून ती नाही असं समजू नकोस.

मोबाइलचं लोकेशन बंद करून फोटो काढ. मूळ फाइल कुणालाही व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलू नकोस. एकदा ‘हो’ म्हटलेला माणूस नंतर ‘नको’ म्हणाला तर भिंतीवरून त्याच दिवशी उतरवायचा, कारण विचारायचं नाही. मुलांचे फोटो त्यांच्या आई-बापांसमोरच. आणि जाताना सरळ घराघरांत घुसू नकोस, वसाहतीच्या कार्यालयात आधी जाऊन सांग की तू कोण, कशाला आलीस, फोटो कुठे लागणार. पहिल्या खेपेला कॅमेरा पिशवीतच राहू दे. फोटो काढल्यावर पुढच्या खेपेला जाताना ते प्रिंट करून घेऊन जा. पेनड्राइव्ह नको, कागदावरची प्रिंट. माझ्या धंद्यात मी एवढं पाहिलंय की ज्या घरी अल्बम वेळेवर पोचतो ते घर पुढच्या लग्नात कॅमेऱ्यासमोर ताठरत नाही. प्रिंटचा खर्च माझ्या स्टुडिओवर. तेवढं मी करेन, उपकार म्हणून नाही, मलाही ते फोटो बघायचेत.

आता मी इतकं घाबरवलं की तू म्हणशील, मग कॅमेऱ्याचा उपयोगच काय? आहे, फार मोठा आहे. ३० सप्टेंबर २००६ ला नांगपा ला नावाच्या खिंडीतून सत्तरेक तिबेटी बर्फातून नेपाळकडे चालले होते. चिनी सीमारक्षकांनी गोळ्या झाडल्या. केलसांग नाम्त्सो नावाची सतरा वर्षांची भिक्खुणी तिथंच पडली. चीननं सांगितलं, सैनिकांवर हल्ला झाला म्हणून त्यांनी स्वसंरक्षणार्थ गोळीबार केला. पण जवळच्या चो ओयू शिखराच्या तळावर गिर्यारोहक होते आणि त्यांच्यात सर्गियू माते नावाचा एक रुमानियन कॅमेरामन होता. त्यानं ते चित्रित केलं होतं. रांगेत चालणारी, पाठमोरी, हातात काहीही नसलेली माणसं, आणि पडणारी एक आकृती. त्या चित्रणात एकाही चेहऱ्याची गरज पडली नाही, आणि स्वसंरक्षणाची गोष्ट तिथंच संपली.

आणि दुसरा एक फोटो, फक्त एक. १९९५ च्या मे महिन्यात दलाई लामांनी सहा वर्षांच्या गेधुन छोक्यी न्यिमा या मुलाला अकरावा पंचेन लामा म्हणून मान्यता दिली. तीन दिवसांनी तो मुलगा आणि त्याचं कुटुंब नाहीसं झालं. त्यानंतर स्वतंत्रपणे कुणीही त्याला पाहिलेलं नाही. जगाकडे त्याचा म्हणून जो आहे तो त्या वयातला एकच फोटो, गाल लाल झालेले, नजर थेट कॅमेऱ्याकडे. तो मुलगा आज पस्तिशी ओलांडून गेला असेल, पण पोस्टरवर तो सहाचाच आहे. तो फोटो ज्यानं काढला त्यानं काही क्रांती वगैरे केली नव्हती, लहान मुलाचा साधा फोटो काढला होता, जसे आपण आधारसाठी काढतो. म्हणून मी तुला म्हणते, साधे फोटो काढ आणि नीट जपून ठेव, तारीख, गाव, प्रसंग लिहून. आज ज्याला तू ‘यात काही नाही’ म्हणून पुसून टाकतेस, त्याचं मोल तुला ठरवता येणार नाही.

जपून ठेवण्यावरून त्सेरिंग वोसेर आठवली. ही कवयित्री तुझ्या कामाची आहे. तिचे वडील चिनी सैन्यात अधिकारी होते आणि त्यांना फोटोचा नाद होता. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ल्हासात विहार फोडले गेले, पोथ्या जाळल्या गेल्या, लोकांना भर चौकात उभं करून अपमानित केलं गेलं, ते सगळं त्यांनी टिपलं. ते गेल्यावर निगेटिव्ह मुलीच्या हाती आल्या. तिनं ते फोटो भिंतीला लावून टाळ्या घेतल्या नाहीत. ती ते घेऊन वर्षानुवर्षं माणसांकडे गेली, ‘हे कोण? हे कुठं? तुम्ही तेव्हा काय करत होता?’ असं विचारत. मारणारेही त्यात होते आणि मार खाणारेही. काही तर दोन्ही होते. त्यातून २००६ साली तैवानमध्ये पुस्तक आलं, चीनमध्ये ते येणं शक्यच नव्हतं. पुढे वडिलांच्याच कॅमेऱ्यानं तिनं तीच ठिकाणं पुन्हा टिपली. फोटो आणि लिखाण एकमेकांना कसं धरून राहतं ते मला तिच्यामुळे कळलं. तुझ्या फोटोखालच्या ओळी बघ आणि तिचं काम बघ. तू ओळीत भावना भरतेस. तिथं माहिती हवी. ‘वेदनेची वाट’ असं लिहू नकोस. ‘स्वेटरचा हंगाम संपला की ही परत धानाकडे जाते’ असं लिही. भावना बघणाऱ्याला स्वतःची स्वतः येऊ दे.

कवितेकडे येते. ‘मी ल्हासाची लेक’ ही तुझी कविता वहीतच राहू दे. लय चांगली आहे, शब्दही तुला सुचतात, पण तू ल्हासाची लेक नाहीस, तू चंद्रपूरच्या बाबूपेठची आहेस. तिबेटी माणसं गप्प बसलेली नाहीत की त्यांच्या वतीनं आपण ‘मी’ म्हणावं. तेनझिन त्सुंडू तर आपल्या मुंबईतच घडला. मुंबई विद्यापीठात एम.ए. करताना वर्गमित्रांकडून पैसे उसने घेऊन त्यानं पहिला कवितासंग्रह छापला. २००१ साली निबंधासाठी देशपातळीवरचा पुरस्कार मिळाला, आणि २००२ च्या जानेवारीत चीनचे पंतप्रधान मुंबईच्या ओबेरॉय हॉटेलात असताना हा पठ्ठ्या बाहेरच्या परांचीवरून चढत वर गेला आणि तिबेटच्या स्वातंत्र्याचा फलक फडकावला. त्याच्या लिखाणात रडगाणं शोधशील तर सापडणार नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, कुठल्याच फॉर्ममध्ये न बसणाऱ्या माणसाचा मिश्कीलपणा त्यात जास्त आहे. तुला खरंच काही करायचं असेल तर अशा लेखकांना पत्र लिहून, परवानगी मागून, त्यांच्या चार कविता मराठीत आण. आणि शेजारी तुझी एक कविता ठेव, चंद्रपूरच्या पोरीची, जिला स्वेटर घेताना प्रथमच प्रश्न पडला. ती कविता तुझ्याशिवाय कुणी लिहू शकणार नाही.

एक अवघड गोष्ट राहिली, ती टाळू नकोस. तू शाळांवर फलक करणार आहेस ना? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये म्हटलं की सुमारे दहा लाख तिबेटी मुलं कुटुंबांपासून दूर, सरकारी निवासी शाळांत चिनी भाषेत शिकताहेत. हा फलक गडचिरोलीत लागला की कुणीतरी शहाणा मागून म्हणेलच, ‘मग आपल्या आश्रमशाळा?’ धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली आणि पुढे तिला अनधिकृत म्हणून नोटीस आली, हे तुझ्याच जिल्ह्यातलं आहे. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणणार नाही. मोहगावची माणसं न्यायालयात गेली, वर्तमानपत्रांत बोलली, तुला-मला त्यावर लिहिता येतं. ताशी वांगचुकनं तेवढंच केलं तर पाच वर्षं. फरक मोठा आहे. पण मुलाला आईच्या भाषेत शिकायचं असतं, हे मागणं दोन्हीकडे तेच आहे. प्रदर्शनात मोहगावसाठीही एक कोपरा कर. तिबेटवर बोलणारी मुलगी घरच्या प्रश्नावर डोळे मिटते असं कुणी म्हणायला नको, आणि खरं सांगू, घरचं बोललीस तर तिबेटवरचं बोलणं लोक जास्त कान देऊन ऐकतील. तुझ्या सरांना ते रुचेल की नाही ते मला सांगता येत नाही. विचारून बघ.

तारखेचं म्हणशील तर १० डिसेंबर चांगली आहे. तो मानवी हक्क दिन, आणि १९८९ साली दलाई लामांना नोबेल मिळालं तेही त्याच तारखेला. पण तेव्हा निम्मी वसाहत स्वेटर विकायला बाहेर असते, मग ज्यांच्याबद्दल प्रदर्शन तीच माणसं गैरहजर. १० मार्च बघ. ल्हासाच्या उठावाचा दिवस, तोवर हंगाम संपून माणसं परतलेली असतात आणि तुझी परीक्षाही जवळ आलेली असते, हेही लिहून ठेवते, नाही तर आई मला बोलेल. उद्घाटनाला नेता बोलावू नकोस. ज्यांचे हात तुझ्या भिंतीवर असतील त्यांच्यातल्या कुणाला यायचं असेल तर गाडीचं भाडं आपण देऊ. भाषण करायचा आग्रह करू नकोस. त्यांना बटाटेवडा आणि चहा दे, फोटो बघू दे.

आणि माझ्या डोक्यात जे बरेच दिवस घोळून राहिलंय ते शेवटी सांगते. फोटो चार भिंतींत शंभर लोक बघतील. वडशाच्या झाडीपट्टीच्या मंडळ्यांचं नाटक मात्र दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रातभर चालतं आणि हजारो लोक थंडीत घोंगडी पांघरून बघतात. परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हापासून पुण्या-मुंबईलाही ते कळलंय. तर मग, थंडीच्या रात्री मंडपाबाहेर स्वेटर विकणारी तिबेटी बाई आणि मंडपात नाटक बघायला आलेली शेतकरीण, या दोघींचं नाटक का नाही? तिबेटी बाईला देवी करू नकोस. ती भाव पाडून देत नाही, उधारी ठेवत नाही, धान कोणतं लावायचं यावरून शेजारणीशी भांडते. दोघींपैकी एकीची जमीन धरणात गेलेली असू दे. विनोदी पात्र लागेलच, त्याच्याशिवाय मंडळी स्क्रिप्ट हातात धरणार नाहीत, आणि एक गाणं पहिल्या अर्ध्या तासात. लिहिलेलं आधी नॉर्ग्येलिंगमध्ये वाचून दाखव. ते जिथं हसतील ते ठेव, जिथं गप्प होतील तिथं विचार. पहिला अंक झाला की मला पाठव, संवाद झाडीबोलीत हवेत, तुझ्या त्या पुस्तकी मराठीत नकोत. आत्याला विचार, ती दुरुस्त करून देईल, फक्त तिच्यासमोर चुलीजवळ बसून वाच, फोनवर तिला ऐकू येत नाही.

जयभीम.

तुझी ताई